वणवा विझवणाऱ्यांत सामील व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला, सागाची पानं गळायला लागली की माझ्याकडे पोरापोरींचे फोन सुरू होतात. कुणी बारावी झालेलं असतं, कुणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतं, कुणी आईबापांच्या जोडीने मोह वेचता वेचता फोन करतं. मी पूर्व विदर्भात आधी वनरक्षक आणि नंतर वनपाल म्हणून नोकरी केली. जवळपास प्रत्येक उन्हाळा आगीच्या मागे धावण्यात गेला. सगळ्यांचे प्रश्न थोडेफार सारखेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. बहुतेक माहिती महाराष्ट्राची आहे. शेवटाकडे परदेशाबद्दलही थोडं आहे.

आपल्याकडे ‘जंगलातला फायरमन’ अशी वेगळी नोकरी असते का?

नाही, आणि हे आधीच समजून घेतलेलं बरं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात वणव्यासाठी वेगळी पथकं असतात. आपल्याकडे वणवा विझवणं हे वनविभागाच्या नेहमीच्या कामातलंच एक काम आहे. ज्याच्या बीटात, म्हणजे सांभाळायला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, आग लागली तो वनरक्षक, त्याचा वनपाल, त्यांच्यासोबतचे वनमजूर आणि हंगामापुरते लावलेले फायर वॉचर, अशी ही फौज असते. मोठी आग असेल तर शेजारच्या राऊंडची, म्हणजे दुसऱ्या वनपालाच्या हद्दीतली, माणसं येतात, गावकरी येतात, वनपरिक्षेत्र अधिकारी स्वतः उभे राहतात.

त्यामुळे ‘मला फक्त आग विझवायची आहे’ असं म्हणून चालत नाही. वनरक्षक झालात की रोपवन, अवैध तोड, वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे, प्राण्यांची प्रगणना, रात्रीची गस्त हे सगळं वाट्याला येतं. आगीचा हंगाम आमच्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. ते चार महिने मात्र बाकी सगळं मागे पडतं.

वनरक्षक होण्यासाठी शिक्षण किती लागतं?

बारावी उत्तीर्ण. त्यात विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो. कला शाखेच्या मुलांना वाटतं की आपल्याला दार बंद आहे. तसं नाही, भूगोल किंवा अर्थशास्त्र असलं की अर्ज भरता येतो. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना आणि माजी सैनिकांना दहावी पुरते. नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडलेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्या वनकर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीही दहावीचीच अट आहे. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना खास अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात, स्थानिक आदिवासी उमेदवारांच्या जागा वेगळ्या निघतात.

वय १८ ते २७, मागासवर्गीयांना पाच वर्षांची सूट. २०२३ च्या जाहिरातीत २१३८ जागा होत्या आणि वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये होती. लेखी परीक्षा १२० गुणांची. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन-गणित असे विषय. अर्ज करण्याआधी त्या वर्षीची जाहिरात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. अटी अधूनमधून बदलतात, आणि केवळ दाखल्याच्या तारखेमुळे बाद झालेली हुशार पोरं मी पाहिली आहेत.

मैदानी चाचणीची तयारी कशी करू?

पुरुषांना पाच किलोमीटर, महिलांना तीन किलोमीटर धावायचं असतं आणि त्याला ८० गुण आहेत. म्हणजे लेखीचे १२० धरून दोनशेपैकी ८०, निवड चाळीस टक्के पायांवर ठरते. उंची पुरुषांना १६३ सेंटिमीटर, महिलांना १५० सेंटिमीटर, अनुसूचित जमातीला त्यात सवलत. पुरुषांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटिमीटरने जास्त भरावी लागते.

त्याशिवाय चालण्याची चाचणी असते. चार तासांत पुरुषांनी २५ किलोमीटर आणि महिलांनी १६ किलोमीटर चालायचं. ही चाचणी पोरं हलक्यात घेतात. पाच किलोमीटर अठरा मिनिटांत मारणारा गडी पंधराव्या किलोमीटरला पायाला फोड येऊन बसलेला मी पाहिला आहे, कारण नवे बूट त्याच दिवशी घातले होते. आठवड्यातून एकदा लांब चाला. पाठीवर पिशवी घेऊन चाला. डांबरी रस्ता सोडून शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून), नाल्यातून, चढावरून चाला. पुढे नोकरीत धावायची वेळ क्वचित येते, चालायची रोज येते. आगीवर जाताना तर दोन-तीन किलोमीटर चढून गेल्यावर काम सुरू होतं. तेव्हा दम शिल्लक असावा लागतो.

प्रशिक्षण कुठे होतं आणि त्यात आगीबद्दल काय शिकवतात?

निवड झाल्यावर वनरक्षकांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवतात. चिखलदरा, पाल, जालना, शहापूर इथे वन प्रशिक्षण संस्था आहेत. चंद्रपूरची वन अकादमी आणि सांगली जिल्ह्यातली कुंडलची प्रबोधिनी या मोठ्या संस्था, तिथे वरच्या पदांचंही प्रशिक्षण चालतं. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण १८ महिन्यांचं असतं.

वनशास्त्र, सर्वेक्षण, वन कायदा, वन्यजीव, कवायत, शस्त्र हाताळणी असा सगळा अभ्यास असतो आणि त्यातच वनसंरक्षणाखाली आग येते. इंधन, उष्णता आणि प्राणवायू यांपैकी एक काढून घेतलं की आग मरते, हे पहिल्याच तासाला सांगतात. जाळरेषा (आग अडवणारा आधीच जाळलेला पट्टा) कशी घ्यायची, प्रतिआग (येणाऱ्या आगीसमोर मुद्दाम लावलेली आग) कधी लावायची, भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ काय म्हणतं, आगीचा अहवाल कसा लिहायचा, हे सगळं शिकवलं जातं.

माझं स्पष्ट मत आहे की या सहा महिन्यांत आगीला मिळणारा वेळ कमी आहे. तिची वागणूक फळ्यावर निम्मीच कळते. म्हणून पोस्टिंग मिळालं की पहिल्या आठवड्यात बीटातला सगळ्यात जुना वनमजूर शोधा. त्याच्यासोबत बीटातले सगळे कक्ष (जंगलाचे आखलेले भाग) पायी फिरा. वारा कुठल्या खिंडीतून येतो, पाणवठे कुठे आहेत, मागच्या पाच वर्षांत आग कुठून सुरू झाली, हे त्याला तोंडपाठ असतं. आमच्या वेळी एका मामांनी मला हे शिकवलं. सही करायला त्यांना अंगठा लागायचा, पण धुराचा रंग बघून गवत जळतंय की बांबू, हे ते डोंगराच्या या बाजूने सांगायचे.

आग विझवायची म्हणजे नेमकं करतात काय? पाणी कुठून आणतात?

पाणी पिण्यासाठी न्यायचं असतं. जंगलात ना बंब पोहोचतो ना नळी. आमच्याकडची आग बहुतेक वेळा जमिनीवरची असते. पालापाचोळा आणि गवत जळत पुढे सरकतं. तेव्हा आगीच्या पुढचं खाद्य काढून घ्यायचं, एवढंच सूत्र.

यातलं खरं काम आग लागण्याच्या आधीचं आहे. हिवाळ्यात जाळरेषा घेतात. म्हणजे ठरलेल्या रुंदीचा पट्टा कापायचा, वाळू द्यायचा आणि हंगाम सुरू होण्याआधी माणसं उभी करून तो सांभाळून जाळायचा. पुढे आग आली की त्या काळ्या पट्ट्यावर येऊन थांबते. नंतर पानगळ सुरू असते तोवर रेषेवर पडलेला पाला पुनःपुन्हा झाडावा लागतो. जानेवारीत झाडलेली रेषा मार्चमध्ये पाहायला गेलात तर सागाच्या ताटाएवढ्या पानांनी ती पुन्हा झाकलेली असते. एवढ्या पुलावरून आग आरामात पलीकडे जाते.

आता प्रत्यक्ष आगीचं सांगतो. दिवस मावळल्यानंतरची वेळ. लांबून तांबडी रेघ दिसते, जवळ गेलात की आधी आवाज येतो. सागाची वाळलेली पानं जळताना पापड मोडल्यासारखी तडतडतात, बांबूचं पेर फुटलं की बार उडाल्यासारखा दणका होतो. आगीची धग समोरून येते आणि घाम पाठीवर येतो. एकाच्या पाठीवर ब्लोअर असतो. तो आगीच्या बाजूने चालत पाला आगीकडेच परत उडवत जातो आणि मागे हातभर, दोन हात रुंद स्वच्छ माती उरते. त्याच्यामागे दोघं हिरव्या डहाळ्या घेऊन काठावरची ज्योत दाबत येतात. डहाळी आपटायची नसते. आपटली की ठिणग्या उडून चार नव्या जागी आग लागते. ती दाबून, आगीच्या आत ओढायची असते. शेवटचा माणूस पेटते ओंडके आणि बुंधे आत ढकलत, मातीने झाकत येतो. आग विझली म्हणून सगळे घरी गेले आणि पहाटेच्या वाऱ्याने एका पोकळ बुंध्यातून पुन्हा पेट घेतला, हा अनुभव प्रत्येक वनरक्षकाने एकदा तरी घेतलेला असतो. मी दोनदा घेतला.

आगीच्या डोक्यावर, म्हणजे ती पुढे सरकते त्या टोकावर, समोरून जायचं नाही. शेपटाकडून, म्हणजे मागच्या टोकाकडून, सुरू करून दोन्ही बगलांनी पुढे सरकायचं. प्रतिआग हे हत्यार जुन्या माणसाच्याच हाती शोभतं. वारा फिरला तर आपण लावलेली आगच आपल्याला घेरते.

फायर ब्रिगेडचा कोर्स केला तर जंगलात उपयोग होतो का?

थोडा. नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, तिथे अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी मिळते. राज्य अग्निशमन सेवेचा फायरमनचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. हे शिक्षण उत्तम आहे, पण ते इमारती, कारखाने, रसायनं आणि बचावकार्य यांसाठीचं. त्याच्या जोरावर महापालिका, विमानतळ, औद्योगिक वसाहती इथे नोकरी मिळते. वनरक्षक भरतीत त्याने अर्ज पुढे सरकत नाही. गावोगावच्या काही खासगी संस्था ‘वन अग्निशमन डिप्लोमा, नोकरीची हमी’ अशा जाहिराती करतात. वनविभागात पद हवं असेल तर भरती परीक्षेशिवाय वाट नाही. आईबापांचे पैसे तिथे घालू नका.

पदवीनंतर थेट अधिकारी म्हणून जाता येईल?

येईल. लोकसेवा आयोगाच्या महाराष्ट्र वनसेवा परीक्षेतून सहायक वनसंरक्षक आणि वनपरिक्षेत्र अधिकारी ही पदं भरतात. विज्ञान, शेती, वनशास्त्र, अभियांत्रिकी अशा शाखांची पदवी लागते. केंद्राची भारतीय वनसेवा परीक्षा यूपीएससी घेते. वय २१ ते ३२, पूर्वपरीक्षा नागरी सेवेसोबत एकच, प्रशिक्षण देहरादूनच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत.

वनशास्त्राची चार वर्षांची पदवी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आहे. दापोलीत शिकलेल्यांना कोकणातली आणि सह्याद्रीची गवताळ आग कळते, अकोल्याकडच्यांना साग-बांबूची. जमलं तर सुट्टीत दुसऱ्या बाजूचं जंगलही पाहून या.

वनरक्षक म्हणून लागलेला माणूस बढतीने वनपाल आणि पुढे वनपरिक्षेत्र अधिकारी होऊ शकतो. वेळ लागतो. पण खालून वर आलेल्या अधिकाऱ्याचा शब्द आगीच्या काठावर लगेच ऐकला जातो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

मला संगणक आणि नकाशांची आवड आहे. या क्षेत्रात जागा आहे का?

आहे, आणि वाढते आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांवरून आगीची ठिकाणं शोधते. मोडिस या संवेदकाचा एक ठिपका साधारण एक किलोमीटरचा, व्हिअर्सचा ३७५ मीटरचा. उपग्रह वरून गेला, जमिनीवर जास्त उष्णता दिसली की त्या जागेचे अक्षांश-रेखांश राज्याला आणि तिथून बीटापर्यंत एसएमएसने येतात. सामान्य माणसालाही नाव नोंदवून आपल्या भागाचे इशारे मोफत मिळवता येतात. शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकांनी हे वर्गात जरूर दाखवावं.

पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो. दोन फेऱ्यांच्या मधे लागलेली लहान आग त्याला दिसत नाही. शिवाय ३७५ मीटरच्या ठिपक्यात विटाभट्टीही असू शकते आणि धुऱ्यावर पेटवलेली कापसाची पऱ्हाटीही. म्हणून भूगोल, रिमोट सेन्सिंग (उपग्रहांवरून पाहणी), जीआयएस (संगणकावरचे नकाशे) शिकलेल्या मुलांची गरज आहे. कुठल्या कक्षात दरवर्षी, कोणत्या आठवड्यात आग लागते, हे नकाशावर मांडता आलं तर जाळरेषा कुठे घ्यायची आणि माणसं कुठे बसवायची हे आधीच ठरवता येतं. अशी कामं प्रकल्पांवर, कंत्राटी स्वरूपात निघतात. ज्याने एकदा तरी ब्लोअर पाठीवर घेतला आहे, त्याने केलेला नकाशा जास्त कामाचा असतो.

शिक्षण फार झालेलं नाही. तरी हे काम मिळेल?

हंगामी फायर वॉचर म्हणून मिळतं. जंगलालगतच्या गावातल्यांनाच घेतात, कारण त्यांना पाऊलवाटा माहीत असतात. जानेवारी-फेब्रुवारीत वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीत विचारा.

याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, ते लिहितो. आगीच्या सगळ्यात जवळ हीच माणसं असतात आणि प्रशिक्षण सगळ्यात कमी त्यांनाच मिळतं. एका वर्षी आमच्याकडे बूट आले ते हंगाम संपल्यावर. त्या उन्हाळ्यात पोरं चपलांवर आगीत उतरली. एकाच्या चपलेचा तळ वितळून पायाला चिकटला. मी त्याला खांद्यावर घेऊन नाल्यापर्यंत आणलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागझिऱ्याच्या आगीत वनमजुरांचे जीव गेले, तेव्हा मला त्या चपलेचीच आठवण झाली. तुम्ही उद्या वनपाल किंवा अधिकारी झालात तर डिसेंबरातच बुटांची, पाण्याच्या कॅनची, विम्याची यादी लावा आणि मिळेपर्यंत पाठपुरावा करा.

मुलींना हे काम जमतं का?

जमतं. भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे आणि आज अनेक बीटं महिला वनरक्षक सांभाळतात. अडचण असते ती निवासाची, रात्रीच्या सोबतीची आणि लांबच्या वनचौकीवर शौचालय नसण्याची. आगीचं काम गटाने होतं. त्यात ताकदीपेक्षा टिकून राहणं आणि आजूबाजूला लक्ष ठेवणं मोलाचं. माझ्या हाताखालच्या एका ताईने वारा फिरल्याचं सगळ्यांच्या आधी ओळखून आठ जणांना मागे घेतलं होतं.

जिवाला धोका किती?

धोका आहे. ११ मार्च २०१८ ला तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेली माणसं वणव्यात सापडली आणि वीसपेक्षा जास्त जणांचा जीव गेला. १३ जून २०२४ ला उत्तराखंडातल्या बिनसर अभयारण्यात चार वनकर्मचारी होरपळून गेले. दोन्ही जागा डोंगरउताराच्या. आग चढाला वेगाने धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. माणूस नेमका चढालाच दमतो.

म्हणून चार गोष्टी ठरल्याशिवाय आगीजवळ जायचं नाही. आगीवर आणि वाऱ्यावर नजर ठेवणारा एक माणूस उंचावर हवा. त्याचा आवाज किंवा वायरलेस सगळ्यांपर्यंत पोहोचायला हवा. पळायची वाट आधी पाहून ठेवलेली हवी, शक्यतो दोन. आणि ती वाट जिथे संपते तिथे सुरक्षित जागा हवी. आधीच जळून काळी झालेली, थंडावलेली जमीन ही सगळ्यात जवळची सुरक्षित जागा असते. आगीच्या वरच्या अंगाला, अरुंद नाल्यात किंवा खिंडीत उभं राहू नका. कपडे सुती घाला. टेरिकॉट आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. धुराने डोकं जड झालं, चिडचीड वाढली की ते विषारी वायूचं लक्षण समजून त्या माणसाला मागे घ्या, तो कितीही नाही म्हणाला तरी.

परदेशात जाऊन हे काम करता येईल?

अमेरिकेत केंद्र सरकारच्या वणवा पथकांत भरतीसाठी तिथलं नागरिकत्व लागतं. तिथे नव्या माणसाला अग्निशमन आणि आगीची वागणूक यांचे प्राथमिक कोर्स करावे लागतात. शिवाय पाठीवर सुमारे २० किलो वजन घेऊन पावणेपाच किलोमीटरच्या थोडं वर अंतर ४५ मिनिटांत, न धावता, चालून दाखवावं लागतं. कॅनडात प्रांताप्रांताची पथकं वेगळी आणि काम करण्याचा कायदेशीर परवाना हवा. ऑस्ट्रेलियात ग्रामीण अग्निशमन दलं फार मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांवर चालतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी जवळच्या दलात चौकशी करावी, प्रशिक्षण दलच देतं.

नोकरी नको, पण गावातला वणवा थांबवायचा आहे. काय करता येईल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक वणवा माणसाच्या हातून लागतो. मोहाची फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला (ज्याच्या पानांच्या बिड्या होतात) कोवळा पाला फुटावा म्हणून जाळतात, सह्याद्रीत पावसाळ्यात गवत चांगलं येतं या समजाने डोंगर पेटवतात. मोहासाठी झाडाखाली जुनी साडी किंवा नेट अंथरलं की पेटवायचं कारण उरत नाही, फुलंही माती न लागता मिळतात. आमच्या बीटातल्या बायांनी हे स्वतःहून सुरू केलं होतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाचं जंगल वापरण्याचा आणि सांभाळण्याचा कायदेशीर हक्क, मिळाला, तेव्हा ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आग लावली जाते. हाती येणारा पैसा त्यांनी सोडला आणि बांबूवर लक्ष दिलं. अशा गावात एक हंगाम राहून या, खूप शिकाल.

एकट्याने मात्र आग विझवायला जाऊ नका. वनरक्षकाचा नंबर फोनमध्ये ठेवा. आग दिसली की जागा, वाऱ्याची दिशा आणि तिथे पोहोचायची वाट, या तीन गोष्टी सांगा.

मी अकरावीत आहे. आत्तापासून काय करू?

विषयांत भूगोल किंवा विज्ञान ठेवा. रोज पहाटे चाला, आठवड्यातून एकदा लांब. वीस झाडं पानांवरून ओळखायला शिका, मग पानं नसताना सालीवरून. होकायंत्र आणि नकाशा वापरायला शिका. प्रथमोपचाराचा कोर्स करा, भाजल्यावर काय करायचं ते नीट शिका. आणि या मार्चमध्ये आजीसोबत मोह वेचायला जाल तेव्हा झाडाखाली काडी लावायच्या आधी तिला नेट आणून द्या.